मुलगा मेनचा, शाळा फ्लोरिडाची, मग श्रेय कुणाचं?

अमेरिकेतलं सर्वांत चांगलं शालेय बास्केटबॉल कुठल्या राज्याचं, या न मिटणाऱ्या वादाबद्दल

गेल्या डिसेंबरात धाकटा भाऊ आणि त्याचा साडू दोघंही एकाच वेळी पुण्यात होते. भाऊ इंडियानातल्या कोलंबसला, कमिन्समध्ये. (पुण्याच्या इंजिनिअर मंडळींची तिकडे इतकी ये-जा असते, की कर्वेनगर ते कोलंबस थेट बस सुटते की काय असं वाटावं.) साडू कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. सकाळी पोह्यांच्या बशा हातात असताना शाळांमधल्या बास्केटबॉलचा विषय निघाला आणि पोहे गार झाले तरी संपला नाही. एक म्हणे, इंडियानासारखं शालेय बास्केटबॉल जगात कुठे नाही. दुसरा म्हणे, अरे, एनबीएमध्ये (तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग) बघ, निम्मे आमच्याकडचे. शेवटी आईने विचारलं, "तुम्ही दोघं खेळता का रे?" दोघंही खेळत नाहीत.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. त्याला ताजं निमित्त म्हणजे कूपर फ्लॅग. 2025 च्या जूनमध्ये डॅलसच्या संघाने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. (ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम.) हा मुलगा मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या गावचा. नववीत असताना त्याने गावच्या नोकोमिस हायस्कूलला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि मग तो निघाला थेट फ्लोरिडाच्या माँटव्हर्ड अकादमीत. तिथला त्याचा शेवटचा हंगाम 33 सामने, 33 विजय असा गेला. आता सांगा, हा मुलगा कुठल्या राज्याने घडवला? मेनचे लोक एक उत्तर देतील, फ्लोरिडाचे दुसरं.

शाळेचा खेळ, पण निकाल लावणारं कुणी नाही

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, साधारण चौदा ते अठरा वर्षांची मुलं. देशभरात पाच लाखांहून अधिक मुलं आपापल्या हायस्कूलच्या संघांतून बास्केटबॉल खेळतात. प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना वेगळी. हंगाम हिवाळ्यात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास राज्याचं अजिंक्यपद.

आणि तिथेच सगळं थांबतं. राज्यांच्या वर कुणी नाही. आपल्याकडे मुंबई मोठी की विदर्भ, हे रणजी करंडकात निदान एकदा मैदानावर तपासता येतं. तिथे इंडियानाचा विजेता आणि कॅलिफोर्नियाचा विजेता अधिकृत स्पर्धेत समोरासमोर येतच नाहीत. ज्या वादाला पंच नाही तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

दुसरी अडचण शब्दाची. ‘चांगले खेळाडू तयार करणारं राज्य’ असं म्हणताना ‘तयार करणं’ म्हणजे काय? जन्म, की पहिली ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) शिकली ती जागा, की बारावीला अंगात होती त्या शाळेची जर्सी? एनबीएचे तारे लेब्रॉन जेम्स आणि स्टीफन करी दोघंही ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात जन्मले, एक 1984 मध्ये आणि दुसरा 1988 मध्ये. लेब्रॉन तिथल्याच शाळेत खेळला. करी मात्र शार्लटमध्ये वाढला, कारण त्याचे वडील तिथल्या एनबीए संघात होते. म्हणून लेब्रॉन ओहायोचा आणि करी नॉर्थ कॅरोलायनाचा. मायकेल जॉर्डन ब्रुकलिनमध्ये जन्मला, पण त्याला न्यूयॉर्कचा म्हणण्याची हिंमत तो वाढला त्या नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये कुणी करणार नाही.

इंडियाना : गावापेक्षा जिम मोठं

भावाची बाजू आधी घेतो. घरचा म्हणून नाही, गोष्ट तिथे जास्त आहे म्हणून.

इंडियाना म्हणजे मका आणि सोयाबीनचा प्रदेश. सुगी आटोपली की लांबलचक हिवाळा. छोट्या गावच्या शाळेत अमेरिकन फुटबॉलला अकरा धट्टीकट्टी पोरं आणायची कुठून? बास्केटबॉलला पाच पुरतात. धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर रिंग ठोकली की झालं मैदान. 1911 पासून तिथे राज्यस्पर्धा आहे आणि तिची मुख्य गंमत अशी, की 1997 पर्यंत ती सगळ्या शाळांसाठी एकच होती. पटसंख्या दीडशे असो की दोन हजार, सगळे एकाच खुल्या गटात. कुस्तीत वजनी गटच नसावेत आणि 57 किलोच्या पोराने थेट हिंदकेसरीशी हात मिळवावा, तसं.

अशा स्पर्धेत 1954 साली मिलान नावाच्या गावची 161 पटाची शाळा अंतिम सामन्यात पोचली. समोर मन्सी सेंट्रल, आडदांड मोठी शाळा. चौथ्या आणि शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला मिलान दोन गुणांनी मागे होतं. अशा वेळी मागे असलेला संघ धावपळ करतो. मिलानच्या बॉबी प्लंपने काय केलं? चेंडू हातात घेतला आणि उभा राहिला, चार मिनिटांहून जास्त वेळ. ना पास, ना ड्रिबल. हजारो लोक बघतायत आणि हा बस थांबल्यावर पिशवी धरून उभं राहावं तसा उभा. मागे असूनही त्यांना घाई करायची नव्हती, सामना शेवटपर्यंत आटोक्यात ठेवायचा होता. अखेरीस 30-30 अशी बरोबरी झाली, आणि घड्याळातले शेवटचे सेकंद उरले असताना प्लंपने उजवीकडे सरकून उडी मारली आणि चेंडू रिंगमधून गेला. 32-30. इंडियानात ही गोष्ट आजही आजोबा नातवाला सांगतो.

आता तिची दुसरी बाजू, जी आजोबा नेहमी सांगतोच असं नाही. त्याच वर्षी अंतिम टप्प्याच्या आधी मिलानने इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स शाळेला हरवलं होतं. ही शाळा 1927 मध्ये काळ्या मुलांना वेगळं ठेवण्यासाठीच उघडलेली. तिला राज्यस्पर्धेची दारं 1940 च्या दशकापर्यंत बंद होती. त्या हरलेल्या संघात पुढे एनबीए गाजवणारा ऑस्कर रॉबर्टसन नावाचा कोवळा पोरगा होता. पुढची दोन्ही वर्षं, 1955 आणि 1956, अजिंक्यपद त्यांनी जिंकलं. दुसऱ्या वर्षी तर एकही सामना न हरता. सगळी मुलं काळी असलेल्या शाळेने राज्याचं खुलं अजिंक्यपद जिंकण्याची 1955 ची ती अमेरिकेतली पहिली वेळ. विजयाची मिरवणूक मात्र शहराच्या मुख्य चौकात रेंगाळू न देता काळ्या वस्तीतल्या बागेकडे वळवली गेली. माझ्या मते इंडियानाच्या इतिहासातला सर्वांत मोठा शालेय संघ मिलान नाही, हा आहे.

वेडाचं माप हवं असेल तर न्यूकॅसल बघा. गाव सतरा-अठरा हजार वस्तीचं आणि हायस्कूलच्या जिममध्ये (म्हणजे सामन्यांच्या बंदिस्त क्रीडागृहात) बसायला जागा आठ-नऊ हजारांच्या घरात. म्हणजे साधारण आठ-नऊ बालगंधर्व रंगमंदिरं एका शाळेच्या आवारात. अख्ख्या देशातल्या मोठ्या शालेय जिमपैकी बहुतेक या एकाच राज्यात आहेत. 1990 ची राज्य अंतिम लढत बघायला 41 हजार लोक आले होते. शाळेच्या मुलांचा सामना हा!

1997 नंतर संघटनेने पटसंख्येनुसार गट पाडले. छोट्या शाळांना न्याय मिळाला, पण मिलानसारखी गोष्ट पुन्हा घडण्याची वाट बंद झाली आणि प्रेक्षकही कमी झाले. भावासारखे बाहेरून आलेले लोकसुद्धा त्यावर उसासे टाकतात. शेजारच्या केंटकीने मात्र खुला गट सोडलेला नाही. सोळा विभागांचे सोळा विजेते लेक्सिंग्टनच्या रप अरीनात उतरतात आणि शेवटी एकच राजा उरतो. ‘आमचं खरं, इंडियानाचं आता नुसतं नाव’ असं केंटकीवाले म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

‘पण खेळाडू तर आमचेच जास्त’ : मोठ्या राज्याचा मुद्दा

साडूचं म्हणणं असं, की जिमच्या खुर्च्या मोजून काय उपयोग, खेळाडू मोजा. ठीक. निम्मे वगैरे नाहीत, पण कॅलिफोर्नियाची यादी खरंच दांडगी आहे. बिल रसेल, बिल वॉल्टन, रेजी मिलर, गॅरी पेटन, जेसन किड, पॉल पियर्स, जेम्स हार्डन, रसेल वेस्टब्रुक, डेमियन लिलार्ड, क्वाय लेनर्ड. सगळे तिथल्याच हायस्कूलचे.

पण कॅलिफोर्नियाची वस्ती जवळपास 3.9 कोटी, इंडियानाची सत्तर लाखांच्या आत. हजार पटाच्या शाळेतली साठ मुलं नव्वद टक्क्यांच्या वर गेली आणि शेजारच्या शंभर पटाच्या शाळेतली बारा, तर पेढे कुणी वाटावेत? पहिल्या शाळेचा फलक मोठा, दुसरीचा निकाल चांगला. कॅलिफोर्नियाने इंडियानाच्या सहापट खेळाडू दिले तर कुठे बरोबरी होते.

हे गणित लावलं की भलतीच राज्यं वर येतात. लुइझियाना घ्या, वस्ती 46 लाखांच्या आसपास. बॉब पेटिट, विलिस रीड, एल्विन हेज, रॉबर्ट पॅरिश, कार्ल मलोन, जो ड्युमार्स हे सगळे तिथले, त्यातले बहुतेक राज्याच्या उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांतले, आणि प्रत्येक जण बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत. शिवाय वर कॅलिफोर्नियाच्या खात्यात घातलेला बिल रसेलही लुइझियानातल्या मन्रोचाच. दक्षिणेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून त्याचं कुटुंब तो लहान असताना ओकलंडला गेलं. साडूला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग काय झालं, खेळायला आमच्याकडे शिकला." मुद्दा बरोबर आहे. फक्त हाच मुद्दा फ्लोरिडावाल्यांनी फ्लॅगबद्दल काढला की तो चिडतो.

वस्तीनिहाय गणितालाही एक खोट आहे. लहान राज्यात एका खेळाडूने आकडा उसळतो. मेनची वस्ती जेमतेम 14 लाख, तिथे एक फ्लॅग जन्मला की टक्केवारी आकाशाला भिडते. त्यावरून मेनच्या बाकीच्या शाळा कशा खेळतात, हे काही कळत नाही.

अकादमी : बास्केटबॉलमधलं लातूर

इथे वादाची खरी गाठ आहे.

दहावीनंतर नांदेड, परभणी, बीडची हुशार मुलं लातूरला जातात. बारावीचा आणि नीटचा निकाल लागतो आणि पेपरात छापून येतं, ‘लातूर पॅटर्नची घोडदौड’. लातूरच्या शिक्षकांची मेहनत खरी आहे, पण ते हुशार पोर पहिली ते दहावी कुणी शिकवलं? परभणीतल्या त्या गुरुजींचं नाव बातमीत नसतं.

माँटव्हर्ड किंवा ब्रेडेंटनची आयएमजी अकादमी, दोन्ही फ्लोरिडात, म्हणजे बास्केटबॉलमधलं लातूर. तिथे निवासी शाळा असते, शिष्यवृत्ती असते, वर्षभर सराव असतो आणि संघात दहा ठिकाणांहून आलेली मुलं. माँटव्हर्डमधून गेलेले बघा : बेन सिमन्स ऑस्ट्रेलियाचा, आर. जे. बॅरेट कॅनडाचा, डिअँजेलो रसेल केंटकीचा, केड कनिंगहॅम टेक्ससचा. यात फ्लोरिडाचं काय? हवा, फार तर. आयएमजीतून 2015 च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला सतनाम सिंग आठवतो? एनबीएने ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला भारतीय. पंजाबातल्या बल्लो के गावचा. हिशेब शाळेवरून लावला तर तोही फ्लोरिडाचं उत्पादन ठरतो!

ही पद्धत फ्लोरिडाने शोधलेली नाही. व्हर्जिनियात डोंगरातल्या माउथ ऑफ विल्सन या जागी ओक हिल अकादमी आहे. शाळा एवढीशी, पण कार्मेलो अँथनी बाल्टिमोर सोडून तिथे आला, रजोन राँडो केंटकी सोडून, ब्रँडन जेनिंग्ज कॅलिफोर्निया सोडून. केव्हिन ड्युरंटही एक वर्ष तिथे होता. या मोठ्या अकादम्यांचे मुख्य संघ राज्याच्या स्पर्धेत सहसा खेळतच नाहीत. त्यांचं वेळापत्रक देशभराचं. म्हणजे राज्यात राहून राज्याबाहेर.

‘मग आपले सचिन-विनोद?’ असं कुणी विचारेल. सचिनही चांगल्या क्रिकेटसाठी वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात गेला होता, कारण तिथे आचरेकर सर होते. बरोबर. पण तो गेला वांद्र्याहून दादरला. मुंबईची मुंबईतच शाळा बदलली, श्रेय मुंबईबाहेर गेलं नाही. मेन ते फ्लोरिडा म्हणजे काश्मीरच्या मुलाने केरळकडून खेळावं इतका फरक.

माझा नियम सरळ आहे : नववीपर्यंत मुलगा जिथे खेळला त्या जागेचा तो. अकादमीला पॉलिशचे गुण जरूर द्या, पण धोंड्यात हिरा आहे हे दुसऱ्याच कुणाला तरी आधी दिसलेलं असतं.

‘मग खेळवून का नाही ठरवत?’

प्रयत्न झालेत. 2009 पासून हंगामाच्या शेवटी एक निमंत्रितांची राष्ट्रीय स्पर्धा होते. प्रायोजकाप्रमाणे तिचं नाव बदलत राहतं. पण तिथे बोलावणं मुख्यतः अकादम्यांनाच. त्यातून कुठली अकादमी भारी ते ठरतं, राज्य नाही.

शिवाय नियम सगळीकडे सारखे नाहीत. शॉट क्लॉक म्हणजे चेंडू हाती आल्यापासून ठरावीक सेकंदांत बास्केटकडे मारलाच पाहिजे, असं सांगणारं घड्याळ. कॅलिफोर्नियात ते कित्येक वर्षांपासून आहे. शालेय खेळाच्या राष्ट्रीय नियमावलीने मात्र राज्यांना 35 सेकंदांच्या घड्याळाची मुभा 2022-23 च्या हंगामापासून दिली, आणि तीही ऐच्छिक. ते घड्याळ 1954 मध्ये असतं तर प्लंप चार मिनिटं उभा राहूच शकला नसता. दोन राज्यांत खेळाचा वेगच वेगळा, मग तुलना कशी करणार?

तरी शाळा एकमेकींशी ठरवून भिडतात आणि त्यातला एक सामना विसरण्यासारखा नाही. जानेवारी 1965. न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल सलग 71 सामने जिंकून आलेली. त्यांच्याकडे ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, सात फुटांच्या घरातला. मेरीलँडच्या डेमाथा शाळेचे कोच मॉर्गन वूटन. अल्सिंडरच्या हातावरून चेंडू कसा मारायचा? वूटननी सरावात आपल्या एका खेळाडूच्या हातात टेनिसची रॅकेट दिली आणि ती उंच धरून उभं केलं. बाकीच्यांनी रॅकेटवरून कमान काढून मारायचं. रॅकेटला लागला की पुन्हा. बारा हजारांहून अधिक लोकांसमोर डेमाथाने 46-43 असा सामना घेतला. त्या रॅकेटमागे कसली अकादमी नव्हती, होते फक्त रोज संध्याकाळी शाळेत थांबणारे एक सर.

यातली मेख अशी, की मेरीलँडचं राज्य अजिंक्यपद फक्त सरकारी शाळांसाठी आहे. डेमाथा कॅथलिक शाळा. इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या शालेय संघांपैकी एक आणि आपल्याच राज्याची विजेती होऊ शकत नाही!

मुलींचा हिशेब वेगळा लागतो

वाद घालणारे बहुतेक बाप-काका मुलांचंच बोलतात. मुलींचं विचारलं तर माझं बोट आयोवाकडे जाईल. तिथे 1993 पर्यंत मुलींचा सहा-सहा जणींचा वेगळाच खेळ होता. तिघी फक्त हल्ला करायच्या, तिघी फक्त बचाव, मधली रेघ ओलांडायची नाही आणि दोनदाच ड्रिबल. ऐकायला जाचक वाटतं, पण त्या खेळाच्या राज्यस्पर्धेला गावंच्या गावं लोटायची आणि मुलांचे सामने त्यापुढे फिके पडायचे. 1968 च्या अंतिम सामन्यात डेनिस लाँगने 64 गुण केले, समोरच्या जेनेट ओल्सनने 76, आणि जिंकली लाँगची शाळा. आजची गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क याच आयोवाची. मुलींचा खेळ बघायला जिम भरतं, हे तिथल्या लोकांना तिच्या आधीपासून माहीत होतं.

राज्य सोडा, जिल्हा धरा

मला विचाराल तर राज्य हे मापच चुकीचं आहे. न्यूयॉर्क म्हणजे न्यूयॉर्क शहर, इलिनॉय म्हणजे शिकागो. टेक्ससच्या पश्चिमेकडच्या रानाचा ह्यूस्टनशी काय संबंध? नीट बघितलं तर चांगलं बास्केटबॉल पाच-दहा मैलांच्या टापूत पिकतं, हापूससारखं.

असा एक टापू म्हणजे मेरीलँडमधली प्रिन्स जॉर्जेस काउंटी, वॉशिंग्टनला लागून. वस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास, म्हणजे 2011 च्या जनगणनेतलं सोलापूर शहर. 2000 नंतरच्या वीस वर्षांत एवढ्याशा भागातून दोन डझनांहून जास्त मुलं एनबीएत पोचली. ड्युरंट तिथल्या सीट प्लेझंटचा. त्या मुलांना मिळालं काय? वस्तीवस्तीत सार्वजनिक क्रीडा केंद्रं, संध्याकाळी उघडी आणि उबदार. नोकरदार काळी मध्यमवर्गीय कुटुंबं, ज्यांच्याकडे मुलाला सरावाला नेण्या-आणण्यापुरता वेळ आणि गाडी होती. जवळच कॅथलिक शाळांची चुरशीची लीग. आणि कोपऱ्यावरच्या कोर्टवर रोज तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तुम्हाला हरवणारा कुणीतरी. यातली एकही गोष्ट राज्य सरकारच्या नकाशावरून कळत नाही.

साडूने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमचं मत मेरीलँडला." वस्तीच्या मानाने पीक म्हटलं तर हो, मेरीलँडला. एकूण आकडा हवा तर कॅलिफोर्निया. आणि मंगळवारी रात्री बर्फ पडत असताना दुसऱ्याच्या पोराचा सामना बघायला गाव घराबाहेर पडतं का, असं विचारलं तर इंडियाना. भाऊ खूश झाला. त्याने तिसरंच तेवढं ऐकलं होतं.

पुतण्या या सगळ्या वेळात मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो नववीत आहे. शाळेच्या संघाच्या निवड चाचणीला गेला होता, पण त्याची निवड झाली नाही. तरी कोचने त्याला सामन्यांत आकडे टिपायला आणि घामाने ओली झालेली फरशी पुसायला ठेवून घेतलं. फडकं घेऊन तो रिंगखाली बसतो, म्हणजे घरात सगळ्यांत जवळून खेळ बघणारा तोच. मी त्याला विचारलं, "काय रे, सगळ्यांत चांगलं राज्य कुठलं?" त्याने मान वर न करता सांगितलं, "ते माहीत नाही काका. पण सगळ्यांत वाईट शाळा आमच्या पलीकडच्या गावातली. परवा आम्हाला दोन पॉइंटनी हरवलं."